बशीरभाईंची साठची कॅसेट

जिंतूरच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं ज्याच्या आवाजावर गाड्या सुटल्या, त्या नागनाथ खिल्लारेला निवृत्तीनंतर घरात बोलायला माणूस उरलं नव्हतं. बायको सत्यशीला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. लेक साक्षी पुण्याला बँकेत. घरात तो, एक खडखडणारा कूलर आणि भिंतीवरचे बाबासाहेब. आणि बाबासाहेबांशी बोलायचं म्हणजे आधी अभ्यास करून बसावं लागतं.

नागनाथला व्यसन एकच, गझलेचं. तेही भलत्याच माणसाच्या गझलेचं. सेलूचे बशीरभाई दिवसभर जिनिंगच्या काट्यावर कापूस मोजायचे आणि दिवस कलला की हार्मोनियम पुढ्यात ओढायचे. कंपनीनं त्यांची कॅसेट कधी काढली नाही. रेडिओनं दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा त्यांची गाडी चुकली. पण परभणीपासून येलदरीपर्यंत शे-दीडशे वेडे असे होते, की बशीर सेलूकर गाणार म्हटलं की पेरणी सोडून यायचे. नागनाथ त्या वेड्यांचा म्होरक्या. तो स्टँडवर कंट्रोलर. बशीरभाईंना निघायला उशीर झाला तर सेलूची गाडी 'तांत्रिक कारणामुळे' फलाटावर थांबायची, आणि ते तांत्रिक कारण पान चघळत, हार्मोनियम काखेत मारून सावकाश चालत यायचं.

आवाज काही फार गोड नव्हता. थोडा खरखरीत, जुन्या गोधडीसारखा, पण एकदा अंगावर घेतला की सोडवत नसे. शेर आवडला की ऐकणाऱ्यानं 'मुकर्रर' म्हणायचं, म्हणजे पुन्हा एकदा, ही मैफलीची रीत. बाकीचे गवई मुकर्रर ऐकलं की तीच ओळ तशीच पुन्हा वाढतात. बशीरभाई आधी म्हणणाऱ्याकडे बघायचे, एक बोट वर करायचे आणि त्याच ओळीत दुसऱ्याच बोळातून शिरायचे. मग वाटायचं, अरे, ही तर आपण ऐकलीच नव्हती. नागनाथनं त्यांना आयुष्यात किती वेळा मुकर्रर म्हटलं असेल याला गणती नाही. बशीरभाई वारून एकवीस वर्षं झाली तरी चहा चांगला झाला की त्याच्या तोंडून 'मुकर्रर' निघून जायचं.

त्र्याण्णव साली साक्षीच्या नामकरणाला बशीरभाई नागनाथच्या घरी गायले. साठ मिनिटांची कॅसेट लावून नागनाथनं सगळं टेप केलं. दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, दीडेक मिनिट सत्यशीला बोलते. तिच्या आवाजाचं जगात उरलेलं एवढंच. तेव्हा कुणाला काय ठाऊक? मैफलीची कॅसेट कुणी मागितली तर नाही म्हणायचं नाही, हा या वेड्यांचा धर्म होता. अठ्ठ्याण्णव साली गंगाखेडच्या रामकिशन मास्तरांनी मागितली, नागनाथनं दिली. दोन वर्षांनी सत्यशीला तापानं गेली. दुःखातून मान वर काढल्यावर नागनाथला कॅसेट आठवली. मागायला गेला तर मास्तर म्हणाले, हरवली.

ती हरवली नव्हती. या चैत्रात मास्तर वारले आणि त्यांच्या उशीखाली सापडलेली कॅसेट त्यांच्या बायकोनं, सरजाबाईंनी, एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती, 'जाताना म्हणाले, नागनाथरावांना द्या आणि माफी मागा.' नागनाथला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मास्तरांच्या जागी तो असता तर त्यानंही हेच केलं असतं, आणि माफी मागितली नसती.

त्यानं साक्षीला फोन केला.

"आईचा आवाज हाय त्यात?" तिनं विचारलं. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. "पप्पा, मला तिचा हात आठवतो. बांगड्या आठवतात. आवाज न्हाई आठवत. लय प्रयत्न केला मी. कधी कधी वाटतं, मला आई नव्हतीच."

"बुद्धपौर्णिमेला ये. ऐकवतो."

"तोवर जपून ठेवा. मी मोबाईलवर उतरवून घेते."

"जपतो की," नागनाथ म्हणाला. माणसानं अशी वचनं देऊ नयेत, निदान गझलेच्या माणसानं तरी.

घरातला टेप बंद पडून जमाना झाला होता. स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या धम्मदीपनं कुठून तरी पट्टा मिळवून तो चालू करून दिला. नागनाथनं दारं लावली आणि आधी कॅसेटची दुसरी बाजू शेवटपर्यंत पुढं पळवली. इथं त्याची लाज राखली पाहिजे, त्यानं आधी बायकोलाच ऐकलं.

"अवो, बस करा की आता," सत्यशीला म्हणाली. पंचवीस वर्षांनी, अगदी जवळून. "ज्या लेकराच्या नावासाठी जमलात त्याचं नाव ठेवायचं राहिलं, अन् तुमचं मुकर्रर मुकर्ररच चाललंय. बशीरभाऊ, तुमी तरी ऐका. घसा हाय का भोंगा? च्या गार व्हायलाय. पोरगी बी उठली बघा." मागं तान्हं लेकरू कुरकुरतं, भांडी वाजतात आणि मग ती हसते. ते हसणं लांबत जातं आणि खट्. बटण वर येतं, बाजू संपते.

नागनाथ ढसाढसा रडला. पोटभर रडून झाल्यावर त्यानं तोंड धुतलं आणि कॅसेट मागं नेली, बशीरभाईंसाठी.

मे महिन्यातली जिंतूरची दुपार. ऊन असं की कुत्री गटारीतून डोकं वर काढत नाहीत, गल्लीत चिटपाखरू नाही आणि पत्रे आपोआप तडतडतात. जुनी माणसं म्हणतात, बारा ते तीन ही वेळ आपली नसते, त्या वेळात ओळखीच्या आवाजालासुद्धा ओ देऊ नये. नागनाथला बावीस प्रतिज्ञा पाठ होत्या, तो असलं काही मानत नव्हता. त्यानं कूलरसमोर खुर्ची ओढली आणि बटण दाबलं.

*चालताना थांबलो मी, ऊन मागे राहिले*
*जे तुझ्यापाशीच होते, तेच नाही पाहिले*

ती त्याची सगळ्यांत लाडकी गझल. बशीरभाईंनी स्वतः लिहिलेली. ते मैफलीत सुरुवातीचा शेर एकदाच म्हणायचे आणि लगेच पुढच्या शेरावर यायचे. तसेच आले.

*ऐकले मी गाव सारे, ऐकल्या साऱ्या दिशा*
*हाक दारातून आली, ऐकणे ते राहिले*

"वा! मुकर्रर!" नागनाथ ओरडला. जीभच ती, जन्माची सवय लागलेली.

हार्मोनियम क्षणभर थांबलं. मग बशीरभाईंनी तोच शेर पुन्हा धरला.

नागनाथनं मांडीवर हात मारला, मान हलवली, आणि ओळ संपता संपता त्याचा हात मांडीवरच थांबला. या कॅसेटमध्ये हा शेर एकदाच होता. देण्याआधी पाच वर्षं त्यानं ही कॅसेट रोज वाजवली होती, कुठं कोण खोकतं हेही त्याला पाठ होतं. मास्तरांनी तर काही केलं नसेल? पण मास्तर गाणार कसे बशीरभाईंच्या गळ्यानं? त्यानं कॅसेट मागं नेली. आता काही न म्हणताही शेर दोनदा आला. त्यानं श्वास रोखून ऐकलं आणि दुसऱ्यांदा संपल्यावर, अगदी हळू, चोरासारखं म्हटलं, "मुकर्रर."

बशीरभाई तिसऱ्यांदा गायले. या वेळी 'दारातून' शब्दावर असा काही हेलकावा घेतला की नागनाथच्या मानेवरचे केस उभे राहिले. कूलरचं गार वारं अंगावर येत होतं आणि सदरा घामानं चिकटला होता.

घाबरलेला माणूस टेप बंद करून पाणी पितो. नागनाथ पाणी प्यायला आणि त्यानं टेप पुन्हा लावला. भीती होतीच, पण तिच्याही वर एक आनंद होता आणि तो आनंद हावरा होता. एकवीस वर्षांपूर्वी पुरलेला माणूस आज नवी जागा घेत होता. त्या दुपारी नागनाथनं तीनदा मुकर्रर म्हटलं. दुसऱ्या दुपारी पाचदा. दरवेळी बशीरभाई वेगळ्या बोळातून आले आणि दरवेळी ते कॅसेटमध्ये मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी लावावं तर सगळे फेरे ओळीनं हजर. ती एक गझल संपली की नागनाथ थांबायचा आणि कॅसेट मागं न्यायचा. शेवटपर्यंत तो गेलाच नाही. सत्यशीला शेवटाला होती, ती कुठं पळून जातेय, असं त्याला वाटत होतं. ती जिवंत असतानाही त्याला तसंच वाटायचं.

तिसऱ्या दुपारी त्यानं पहिलंच मुकर्रर म्हटलं आणि हार्मोनियम वाजायचं राहिलं. टेपमधून नुसती खोली ऐकू येत होती. कुणी तरी बैठक बदलली. कुणाची तरी बांगडी वाजली.

"कंट्रोलर साब," बशीरभाई म्हणाले, "आज आवाज लय बसलाय तुमचा. बुढ्या माणसावानी यायलाय. तब्येत बरी हाय ना?"

टेपमधली माणसं हसली. त्यात एक हसणं नागनाथचं स्वतःचं होतं, बत्तीस वर्षांचं, दात मजबूत असतानाचं. बशीरभाई उत्तराची वाट बघत होते, ते स्पष्ट कळत होतं. मग ते स्वतःशीच 'हूं' म्हणाले आणि शेर पुन्हा गायले.

नागनाथनं टेपची वायरच उपटली आणि टेप काखेत मारून भर उन्हात धम्मदीपचं दुकान गाठलं. काय झालं ते सांगायची छाती झाली नाही. एवढंच म्हणाला, "यात कुणी नंतर काही भरलंय का, बघ बरं."

धम्मदीपनं कॅसेट उजेडात धरली. "भरता येतच न्हाई, काका. हे बघा, वरचे दोन्ही प्लास्टिकचे दात तोडलेत. यावर टेप होत न्हाई."

"अन् लांबी? लांबी वाढलीय का?"

धम्मदीप हसला. "साठची हाय, साठच राहणार. रबर थोडंच हाय ताणायला? एका टोकाला जास्तीचं घातलं तर दुसऱ्या टोकानं सांडणार."

तो आपला गमतीनं बोलला. नागनाथनं मात्र कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली. टेप काखेत मारला आणि घरी आला. उभ्याउभ्याच प्लग खोचला. त्यानं दुसरी बाजू शेवटपर्यंत पुढं पळवली.

तिथं बशीरभाई गात होते. तिसरी गझल, जी आधी केव्हाच संपायची. ती संपली, टाळ्या पडल्या आणि टाळ्यांच्या मागून सत्यशीला म्हणाली, "अवो, बस करा..." आणि खट्.

बटण वर आलं.

त्यानं पुन्हा लावलं. "अवो, बस करा..." खट्. नाव नाही, भोंगा नाही, चहा नाही, हसणं नाही. एकेका मुकर्ररला बशीरभाई एकेक शेर पुढं सरकले होते आणि पलीकडच्या टोकाला त्याची बायको एकेक वाक्यानं कड्यावरून खाली पडत होती. आणि त्यानं दाद दिली होती. त्यानं मांडी थोपटली होती. नागनाथनं दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेतलं. पण तोंडावर मारून गेलेलं थोडंच परत येतं?

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी साक्षी आली. दोघं वंदनेला जाऊन आले, खीर झाली, आणि दुपारी जेवणं आटोपल्यावर ती टेपसमोर मांडी घालून बसली. मोबाईल पुसून शेजारी ठेवला. बत्तीस वर्षांची बाई शाळेच्या पहिल्या दिवसासारखी बसली होती. नागनाथला ते बघवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं, मुकर्ररपासून खट्पर्यंत.

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. म्हातारपणामुळं भ्रम झालाय म्हणेल, दवाखान्यात चला म्हणेल. पण तिनं आधी शेवट लावून ऐकला. "अवो, बस करा..." खट्. एवढंच तिच्या वाट्याला आलं. तिनं ते चार वेळा ऐकलं. मग मान वर केली.

"आई दवाखान्यात होती तवा तुमी सेलूला होता ना, पप्पा? त्यांच्याच मैफलीत?"

"हो."

"मावशी म्हणायची. मला खरं वाटायचं न्हाई."

"खरं हाय," नागनाथ म्हणाला. "साधा ताप हाय, उतरल, असं वाटलं मला. रात्रीतून परत येतो म्हणून गेलो. आलो तर..." पंचवीस वर्षांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. साक्षी रडली नाही, ओरडली नाही. नुसती टेपकडे बघत बसली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. गल्लीतला शेवटचा आवाजही कुठं तरी जाऊन झोपला. नागनाथला मैफलीची दुसरी रीत आठवली. ती त्यानं आयुष्यात कधी वापरली नव्हती, कारण ती रीत नव्हे, बेअदबी. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर स्वतःचं नाव घालतो, त्याला मक्ता म्हणतात. मक्ता झाला की गझल संपली. आणि गझल रंगात असताना कुणी मक्ता मागितला, तर त्याचा अर्थ एवढाच, की बुवा, आवरा, आम्हाला घरी जायचंय. परभणीला एका ठेकेदारानं एकदा बशीरभाईंना मक्ता मागितला होता, तर तो ठेकेदार मरेपर्यंत नागनाथ त्याच्याशी बोलला नाही.

त्यानं कॅसेट सुरुवातीला नेली आणि खुर्ची बाजूला सारून टेपसमोर जमिनीवर बसला. बटण दाबलं. *चालताना थांबलो मी, ऊन मागे राहिले.* बशीरभाईंचा आवाज आज इतका मोकळा लागला होता, जणू मुद्दाम. नागनाथनं डोळे मिटले.

"बशीरभाई," तो म्हणाला, "मक्ता."

हार्मोनियम मध्येच तुटलं. टेपमधली सगळी माणसं गप्प झाली. इकडे साक्षीनं बापाचा दंड घट्ट पकडला.

"कोन बोललं?" बशीरभाईंनी विचारलं. "कंट्रोलर साब, तुमी?"

"हो. मीच."

"आवडलं न्हाई का?"

"तसं म्हणू नका," नागनाथ म्हणाला. "तुमच्याएवढं मला आयुष्यात काहीच आवडलं न्हाई. तीच चूक झाली."

मग बशीरभाई सावकाश म्हणाले, "मक्ता झाला की मी पेटी बंद करनार. परत उघडनार न्हाई. या कॅसेटीत न्हाई, कुठंच न्हाई. समजून बोलायलात ना?"

"समजून बोलायलोय."

बशीरभाईंनी एकच सूर धरला. बाकी एकही तान नाही, हेलकावा नाही. साध्या बोलण्यासारखे गायले.

*का बशीरा, या घडीला वाट घरची सापडे?*
*बोलणारे लोक गेले, बोलणे हे राहिले*

नागनाथच्या ओठांवर शब्द आला. दातांखाली ओठ दाबून त्यानं तो तिथंच धरला, रक्ताची चव येईपर्यंत. पेटीच्या भात्याची पट्टी लागल्याचा आवाज झाला. कुणी तरी उठून चाललं, पायताण सरकवलं, आणि जिन्यावरची पावलं खाली खाली जात ऐकू येईनाशी झाली. ती पावलं नागनाथला कुठंही ओळखू आली असती. त्याला वाटलं, आपण आत्ता दुसऱ्यांदा त्यांना माती दिली.

"अवो, बस करा की आता," सत्यशीला म्हणाली.

साक्षीच्या तोंडून बारीक आवाज निघाला. सत्यशीला पुढं बोलत राहिली. लेकराचं नाव, मुकर्रर मुकर्रर, घसा हाय का भोंगा, च्या गार व्हायलाय, पोरगी बी उठली बघा. एकही शब्द कमी नव्हता, जणू बशीरभाई अजून समोरच बसले होते. मग ती हसली, हसणं लांबत गेलं आणि जिथं आयुष्यभर खट् व्हायचं तिथं काहीच झालं नाही. कॅसेट चालूच राहिली. बशीरभाईंनी पेटी आवरल्यानं रिकामी झालेली पंचवीस मिनिटं पुढं पडली होती.

कपबशा वाजल्या. बायका बोलू लागल्या. "आत्याबाईची गाडी चुकली म्हणं," सत्यशीला सांगत होती. "कंट्रोलरची बहीन, अन् तिलाच गाडी न्हाई. अन् हे कुठं गेले? गेले असतील बशीरभाऊला पोचवाया. जाऊ द्या बाई, मीच ठेवते नाव."

नागनाथनं हे कधी ऐकलं नव्हतं. तो त्या दिवशी खरोखरच स्टँडवर होता, सेलूची गाडी थोपवून. परत आला तेव्हा नाव ठेवून झालं होतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं की कसं झालं. आता तो आपल्याच घरात, आपल्याच फरशीवर गुडघे टेकून ऐकत होता. सगळ्या बायका गप्प झाल्या. कुरकुरणाऱ्या लेकराच्या कानाशी तोंड नेऊन, श्वासाएवढ्या आवाजात, सत्यशीला म्हणाली, "साक्षी." मग पुन्हा, "साक्षी." आणि तिसऱ्यांदा.

साक्षीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मोबाईल शेजारी तसाच पडला होता, तिनं तो चालूसुद्धा केला नव्हता. टेपमध्ये लेकरू आता मोठ्यानं रडायला लागलं. सत्यशीला त्याला हो हो करत खोलीभर फिरली, तिच्या जोडव्यांचा आवाज एकदा जवळ यायचा, एकदा लांब जायचा. मग तो जवळ आला आणि थांबला.

"कोन गं?" ती म्हणाली. "तिथं खाली बसलीय ती?"

कूलर चालू होता, पण नागनाथला त्याचा आवाज येईनासा झाला.

"रडू नको, बाई. आज चांगला दिस हाय. कुनाची लेक तू?"

साक्षीनं बापाच्या दंडावरचा हात सोडला. "तुझीच," ती म्हणाली.

फक्त लेकराचं रडणं ऐकू येत होतं. नागनाथला वाटलं, आता बाजू संपेल. बोलणं इथंच तुटेल आणि पोरीच्या नशिबी हे एवढंच येईल.

"असू दे, असू दे," सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "सगळ्या आपल्याच की. हिला घे बरं जरा. मला च्या गाळायचाय अन् ही खालीच उतरंना. हात पुढं कर. असं. मान धर, मानेला हात लाव. हां."

साक्षीनं दोन्ही हात पुढं केले. टेपमधलं रडणं एकदम थांबलं. जोडव्यांचा आवाज लांब गेला, स्वयंपाकघराच्या बाजूला, आणि कुठं तरी गाळणीवर चमचा वाजला.

खट्. बटण वर आलं.

नागनाथ लेकीकडे वळला. तिचे हात अजून तसेच होते, छातीशी धरलेले, वजनानं खाली आलेले, आणि ती बसल्या जागी पुढं-मागं हलत होती. चेहरा ओला होता, पण ती रडत नव्हती.

"साक्षी," त्यानं हाक मारली.

"हळू, पप्पा," ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."